तीनशे बारा ओळी

३ मार्च, मंगळवार

झालं! लिफ्टच्या पाहणीच्या चार हजार एकशे सहा ओळी संगणकाच्या जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत गेल्या. एकही मागे राहिली नाही. तीनदा मोजल्या. ऑफिसातलं संगणकाचं सगळं बघणारे मास्तर म्हणाले, "अरे काना-मात्रा, तू माणूस आहेस की तराजू?" पण खूश होते. चहा स्वतः घेऊन आले — माझाही!

एक गोष्ट मात्र मनाला खाते आहे. मास्तरांनी शिकवलं तसं नीट लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

दर महिन्याच्या एक तारखेला यंत्रणा आमच्या कंपनीकडे देखभालीला असलेल्या प्रत्येक लिफ्टसाठी एक ओळ आपोआप तयार करते. त्यात 'पाहणीचा तपशील' हा मोठ्या मजकुराचा रकाना असतो. मोठा म्हणजे इतका की त्यात पानंच्या पानं मावतात. म्हणून मजकूर त्या ओळीत ठेवतच नाहीत, दुसरीकडे ठेवतात. मास्तर म्हणतात, ओळीत फक्त चिठ्ठी असते — मजकूर कुठल्या कपाटात आहे त्याची. मेकॅनिक लिफ्ट तपासतो, फोनवर फॉर्म उघडतो, तपशील लिहितो आणि 'पूर्ण' दाबतो. मग कपाट तयार होतं, चिठ्ठी लागते. काही न लिहिता नुसतं 'पूर्ण' दाबलं तरी कपाट तयार होतं, फक्त आत काही नसतं. त्याला रिकामं म्हणायचं. आणि फॉर्म कोणी उघडलाच नाही, तर चिठ्ठीही नाही आणि कपाटही नाही. ते नल, म्हणजे इंग्रजीत 'नाहीच'.

म्हणजे रिकामं = गेला, पाहिलं, सांगण्यासारखं काही नव्हतं. नल = कोणी गेलंच नाही.

पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, कोरी. ओळखायचं तर मजकुराची लांबी, म्हणजे अक्षरं किती, ते विचारायचं. रिकाम्याची लांबी शून्य येते. नलची लांबी विचारली तर उत्तरही नल!

हे कोणे एके काळी ज्याने बनवलं त्याने 'तपासणी झाली' असा वेगळा रकानाच ठेवला नाही. तारीख-वेळही नाही. सगळा भार या एकाच रकान्यावर.

आणि नवी यंत्रणा नल आत घेत नाही. तीनशे बारा ओळी दारातच अडल्या. मी म्हटलं, मास्तर, या ओळींत 'नोंद नाही' असं लिहू या. मास्तर म्हणाले, "ते अहवालात छापून येईल. तीनशे बारा ठिकाणी 'नोंद नाही' छापलं गेलं तर साहेब आपल्यालाच छापतील. आता रिकामं टाक, नंतर बघू." मी पुन्हा म्हटलं, दोन्ही एक होतील. ते म्हणाले, "चालव रे बाबा."

चालवलं. आकडा वहीत लिहिला आहे — ३१२.


४ मार्च, बुधवार

घरी दादाला समजावून सांगत होतो. तो जेवता जेवता म्हणाला, "नल म्हणजे? नळ? पाणी येतं का त्याला?" वहिनी म्हणाल्या, "आपल्या नळाला तरी कुठे येतं? म्हणजे तोही नलच." दोघंही हसून हसून बेजार. मीही हसलो.

पण दादाला मी सांगितलं, तुम्ही मेकॅनिक लोक दोन शब्द तरी लिहीत जा. नुसतं 'पूर्ण' दाबू नका. तो म्हणाला, "हात ग्रीसने बरबटलेले असतात साहेब. आम्ही तुमच्यासारखे खुर्चीतले नाही." साहेब म्हणाला मला! खुर्ची त्यानेच मिळवून दिली. बारावी अर्धवट सोडलेल्याला कोण खुर्ची देतं? दादा साहेबांकडे चार वेळा गेला होता, "लिहायला-वाचायला पक्का आहे, एक संधी द्या" म्हणून. ते मी विसरणार नाही.


९ मार्च, सोमवार

नवी यंत्रणा सुरळीत. 'दुरुस्ती' हा शब्द चुकीचा लिहिणारे अकरापैकी सात. एकाने तपशिलात नुसतं 'ठिकय' लिहिलं आहे. दुरुस्त करायला गेलो, तर मास्तर म्हणाले, "मेकॅनिकचा मजकूर हा मेकॅनिकचा. एक वेलांटीही हलवायची नाही." बरोबर आहे. परत पूर्वीसारखं करून ठेवलं.


१७ मार्च, मंगळवार

अक्षर वाईट येतं आहे.

आज सकाळी बाजारामागच्या सहा मजली इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावरून घसरली आणि खाली आदळली. ब्रेकने धरलंच नाही. आत एकच बाई होत्या. तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करतात. कापड द्यायला वर गेल्या होत्या. पाय दोन ठिकाणी मोडला.

ती लिफ्ट दादाकडची आहे.


१८ मार्च, बुधवार

दादा काल घरी आला तो बूट न काढता खाटेवरच बसला. वहिनींनी पाणी दिलं, ते हातात तसंच. मी विचारलं, फेब्रुवारीत पाहिली होतीस ना? पेला खाली ठेवून म्हणाला, "मी गेलोच नाही तिकडे. यादीत आलीच नव्हती ती इमारत. साहेबांनी पाठवलं तर जाणार ना!"

मी म्हटलं, फॉर्म?

"उघडलासुद्धा नाही. नाव काढू नको."

मग माझ्या जिवात जीव आला. वाईट आहे, माहीत आहे. एका बाईचा पाय मोडला आणि मला बरं वाटलं! पण दादाने तपासून सोडून दिलं असतं तर दोष त्याचा. त्याला पाठवलंच नसेल तर दोष पाठवणाऱ्यांचा. फॉर्म ज्याच्या त्याच्या नंबरवरच उघडतो, दुसरं कोणी दादाच्या नावाने भरू शकत नाही. ती ओळ नल असणार. नल असेल तर दादा सुटला.


१९ मार्च, गुरुवार

साहेबांनी नव्या यंत्रणेतून छापलेला कागद दादाच्या हातात दिला. फेब्रुवारी. बाजारामागची इमारत. 'तपासणी झाली. शेरा नाही.' रकाना रिकामा असला की यंत्रणा हेच छापते. खाली दादाचं नाव.

साहेब म्हणाले, "झिजलेलं ब्रेक लायनिंग पाहिलंस आणि एक शब्द लिहिला नाहीस?"

दादा म्हणाला, "मी गेलो नाही."

"मग हे काय भुताने दाबलं?"

मी टेबलाजवळच उभा होतो. भुताने नाही — मी! तीन मार्चला मीच दाबलं. तीनशे बारा नल रिकामे केले. त्यात ही एक. कोणी गेलंच नाही ते 'जाऊन आला' झालं. माझ्या हाताने. माझ्या सख्ख्या भावाच्या नावावर!

दादाला कामावरून थांबवलं. चौकशी होईपर्यंत घरी.


१९ मार्च, संध्याकाळ

आकडा लिहिला. त्या तीनशे बारा कोणत्या, याची यादी ठेवली नाही. वहीत पेन्सिली किती आहेत हेसुद्धा लिहून ठेवणारा मी — आणि यादी ठेवली नाही!!


२० मार्च, शुक्रवार

मास्तरांना जिन्याखाली गाठलं. सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही साहेबांना सांगा की आपण नल रिकामे केले. तुम्ही सांगितलं तर पटेल, माझं कोण ऐकतं.

मास्तर चष्मा पुसत राहिले. दोरीला लटकवलेला चष्मा, तो डोळ्यांवर कमी आणि हातात जास्त. मग म्हणाले, "त्या ओळीला आपला हात लागलेला नाही."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत?

"माहीत आहे एवढं धर."

यादी आहे तुमच्याकडे? दाखवा.

"दाखवायची असती तर दाखवली असती. जा, काम कर."

काम कर! याच माणसाने मला हाताला धरून शिकवलं. पहिल्या दिवशी मला माउस धरता येत नव्हता, तेव्हा दार लावून घेतलं होतं, कोणी हसू नये म्हणून. आणि आज काम कर म्हणतात. स्वतःची कातडी वाचवताहेत. हुकूम त्यांचा, हात माझा, मान दादाची!


२१ मार्च, शनिवार

काही खाल्लं नाही. वहिनींनी दोनदा विचारलं.


२३ मार्च, सोमवार

बाहेरून चौकशीच्या मॅडम आल्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या, प्रत्येक उत्तर स्वतःच्या हाताने लिहून घेणाऱ्या. मला त्यांचं अक्षर आवडलं. रेघेवर बसलेलं.

खोलीत साहेब, मास्तर, दादा आणि मी. मॅडमनी मास्तरांना विचारलं, "नवीन यंत्रणेत नोंदी नेताना काही बदल केला होता?" मास्तर म्हणाले, "काही ठिकाणी केला होता. पण या नोंदीत नाही."

"कशावरून?"

मास्तरांनी चष्मा दोरीवर सोडला आणि म्हणाले, "माझं तेवढंच सांगणं आहे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेच्या फाटकाशी सोडून जाताना पाहायचा, तसं. मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली, तिचा आवाज झाला. मी म्हणालो, हे खोटं बोलताहेत! तीनशे बारा ओळी होत्या. त्यांनी सांगितलं आणि मी केलं. मी दोनदा नको म्हटलं होतं. त्या ओळी मेकॅनिक गेलेच नाहीत अशा होत्या, त्या सगळ्या 'गेले' अशा झाल्या.

आवाज चिरकला माझा. पण बोललो सगळं. चिठ्ठी, कपाट, लांबी — जसं त्यांनी शिकवलं तसंच, त्यांच्याच विरुद्ध. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पुन्हा सांगा, सावकाश." दुसऱ्यांदा सांगितलं. त्यांना समजलं. साहेबांना समजलं नाही. ते म्हणाले, "कोरं ते कोरं, त्यात दोन प्रकार कसले?" मॅडम म्हणाल्या, "पत्र आलंच नाही आणि पाकीट आलं पण आत कागद नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाहीत का?" मी त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलो.

मास्तरांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. खोटं बोलणारा कशाला पाहील!


२४ मार्च, मंगळवार

मास्तरांना घरी बसवलं. 'माहिती लपवली' असं कारण. साहेबांना बरंच झालं, सगळं त्यांच्यावर ढकलता येईल. टेबल आवरताना मास्तरांनी मला हाक मारली नाही. कप धुतला, पालथा घातला आणि गेले.

ऑफिसात कोणी माझ्याशी बोलत नाही. पावत्या करणारी बाई ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्याच्या ताटात जेवला त्याच्याच..." आणि थांबली. मी ऐकलं. बोलू दे. माझं ताट दादाचं आहे.


२७ मार्च, शुक्रवार

वहिनींबरोबर इस्पितळात गेलो. दादा आला नाही. म्हणाला, तोंड दाखवायला धीर होत नाही. त्याचा दोष नाही, तर तोंड का लपवायचं? पण हळवा आहे तो.

शिवणवाल्या बाई खिडकीजवळच्या खाटेवर. पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला. मी कोण ते वहिनींनी सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "पायाची मशीन आहे हो माझी. डॉक्टर म्हणतात, चालाल. मी विचारलं, मशीन चालवीन का? तर म्हणतात, बघू. बघू म्हणजे काय ते तुम्हीच सांगा."

आम्ही काय सांगणार. निघताना त्यांनी वहिनींना म्हटलं, "तुमच्या ब्लाउजचा खांदा उतरतोय. बरी झाले की या." वहिनी जिन्यात रडल्या.

परतताना वहिनी म्हणाल्या, "ते त्या महिन्यात कुठे हिंडायला गेले होते? चार दिवस तर कंबर धरून पडूनच होते. कूस बदलायला मी लागायचे. नुसते पडल्या पडल्या फोन बघायचे."

मी रस्त्यातच थांबलो. वहिनी, हे आधी का नाही सांगितलं! चार दिवस घरी होता म्हणजे गेलाच नाही. साक्ष झाली ही! वहिनी म्हणाल्या, "त्यांनीच सांगितलं, ऑफिसात कळू देऊ नको. पोरगे मेकॅनिक हसतात, म्हातारा झाला म्हणतात." एवढ्यासाठी! दादाचा स्वभावच असा. दुखलं तरी सांगायचं नाही.


२९ मार्च, रविवार

दादाला म्हटलं, कंबरेचं मॅडमना सांगू या. तो एकदम उसळला. "तुला कोणी सांगितलं? घरातलं घरात ठेवायची अक्कल नाही का?" वहिनींसमोर भांडं आपटलं. असं तो कधी करत नाही. मग स्वतःच उचललं, पोचा आला होता तो अंगठ्याने दाबत बसला.

अकरा दिवस झाले घरी बसून. माणूस चिडणारच.


३१ मार्च, मंगळवार

सापडलं!!

स्टोअरच्या खोलीत जुनी यंत्रणा चालायची तो संगणक तसाच आहे. भंगारात द्यायचा म्हणून बाजूला ठेवला, पण भंगारवाला आलाच नाही. वर जुन्या दोरखंडांची भेंडोळी ठेवली आहेत. आत एक मार्चची पूर्ण प्रत असणार. नेण्याआधीची. त्यात नल ते नल आणि रिकामं ते रिकामं!

मी हात लावला नाही. लावला असता तर म्हणाले असते, भावासाठी फिरवलं. खोलीच्या दारावर कागद चिकटवून आलो — 'येथील काहीही हलवू नये.' खाली तारीख, वेळ, सही.


२ एप्रिल, गुरुवार

मॅडमना अर्ज दिला. चार वेळा लिहिला. पहिल्यात 'विनंती' चुकलं होतं, दुसऱ्यात खाडाखोड, तिसऱ्यात राग फार दिसत होता. चौथ्यात एवढंच — 'जुनी प्रत आपल्या समक्ष उघडावी. फेब्रुवारीच्या त्या नोंदीतील मजकुराची लांबी पाहावी. नल आल्यास माझ्या भावाने फॉर्म उघडला नव्हता हे सिद्ध होईल. शून्य आल्यास, उघडून पूर्ण केला होता हे सिद्ध होईल.'

शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. पण अर्धं लिहिणं मला जमत नाही.

मॅडम वाचून म्हणाल्या, "हे तुम्ही स्वतः लिहिलंत? किती शिकलात?" मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या ऑफिसात असा अर्ज कोणी लिहीत नाही." शुक्रवारी, दहा तारखेला उघडणार. सगळ्यांना बोलावणार आहेत.


४ एप्रिल, शनिवार

वाटलं होतं, दादाला आनंद होईल. तो नखं कापत होता, कापतच राहिला. म्हणाला, "प्रत-बित कशाला? मशीन ते मशीन, काहीही दाखवेल. तू तोंडी सांग. तुझं बोलणं त्या बाईला पटतं."

मी म्हटलं, तोंडी सांगितलं तर सख्खा भाऊ म्हणून सोडून देतील. मशीन कोणाचं सख्खं नाही.

"तू फार शिकलास रे," म्हणाला. हसून म्हणाला, पण लागलं.

त्याला कळत नाही, त्याचा काय दोष. अडचणीत सापडलेल्या माणसाला यंत्राची भीती वाटते. मला भीती वाटते ती वेगळी. डिस्क खराब निघाली तर? प्रत अर्धवट असली तर? मोठ्या मजकुराची कपाटं वेगळ्या फाइलीत असतात. तीच नसली तर? आज पाच वेळा हात धुतले.


६ एप्रिल, सोमवार

मास्तर किल्ल्या परत करायला आले होते. मी वर जात होतो, ते खाली येत होते. जिन्याच्या वळणावर समोरासमोर. दाढी वाढलेली. मी बाजूला झालो. ते थांबले.

"प्रत मागितलीस म्हणे."

हो.

"अर्ज मागे घे."

मी म्हटलं, का? पकडले जाल म्हणून? माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी म्हटलं, तुम्हाला मी वडिलांच्या जागी मानत होतो.

ते म्हणाले, "माझ्यासाठी नाही सांगत आहे."

मग कोणासाठी?

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं, एकेक पायरी धरत उतरून गेले. खालच्या वळणावरून म्हणाले, "निकाल 'कळलं नाही' असा लागला असता, तर कोणाचं काही गेलं नसतं."

कोणाचं काही गेलं नसतं? पाय वर टांगून पडली आहे ती बाई कोणी नाही वाटतं! आणि कोणासाठी ते मला कळत नाही असं वाटतं का यांना? साहेबांसाठी, दुसऱ्या कोणासाठी. पाठवणारे साहेब, न पाठवणारे साहेब. दोघं मिळून माझ्या दादाला बळी देणार होते. मला काना-मात्रा म्हणत, हसत, चहा पाजत! तीन वर्षं मी त्या माणसासमोर मान वर केली नाही.

संताप संताप होतो. पण खरं लिहितो — जिन्यात उभा राहून मी रडलोसुद्धा.


८ एप्रिल, बुधवार

दादा सकाळी आपण होऊन म्हणाला, "आजवर तुला कधी काही मागितलंय?" नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग झालं तर." आणि अंघोळीला गेला.

काय झालं तर? विचारायला हवं होतं. राहून गेलं.


९ एप्रिल, गुरुवार

उद्या अकरा वाजता. मॅडमच्या ऑफिसातला माणूस येऊन संगणक सुरू करून पाहून गेला. सुरू झाला! डिस्क धडधाकट, कपाटांची फाइलही जागेवर. त्याने ओळ काही उघडली नाही, सील लावून गेला. मी लांबून पाहिलं.

शर्टाला इस्त्री केली. दादाच्याही. वहिनींनी त्याचे बूट पुसून ठेवले. काय विचारायचं ते एका कागदावर लिहिलं आहे — लिफ्टचा क्रमांक, महिना, रकान्याचं नाव, लांबी. एकच ओळ आहे, पण सात वेळा तपासली.

उद्या दादा सुटेल. मग मी नोकरी सोडीन. मास्तरांच्या रिकाम्या टेबलासमोर मला बसवणार नाही. ज्या माणसाने शिकवलं त्यानेच असं करावं, याहून वाईट काय असतं?


१० एप्रिल, शुक्रवार

लांबी शून्य.

मी पुन्हा विचारली. शून्य. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे काय, ते नोंदीसाठी तुम्हीच सांगा." मास्तर आले नव्हते; खोलीत ते नीट सांगू शकणारा मी एकटाच होतो. सांगितलं.

त्या तीनशे बारांत ती ओळ नव्हतीच. मास्तरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दादाने 'पूर्ण' दाबलं ते घरी पडल्या पडल्या, आणि मास्तरांनी यादी दाखवली नाही ती त्यालाच वाचवायला.

दादा उठला. माझ्या शेजारून जाताना थांबला, आणि फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाला, "तोंडी सांग म्हटलं होतं ना तुला."